दाराकडे वळलेले बाण

१

काय चोरीला गेलं ते सांगता येत नाही, पण चोरी झाली हे मात्र छातीठोकपणे सांगणारा फिर्यादी मी उभ्या नोकरीत पाहिला नव्हता. विमा कंपन्यांसाठी जळालेली गोदामं आणि फुटलेली दुकानं तपासण्यात माझं आयुष्य गेलं. माणसं गेलेल्या मालाबद्दल जरा जास्तच बोलतात, हा माझा अनुभव. बद्रीनाथ टिळेकर मात्र बूट हातात धरून, अनवाणी, खाली बघत उभे होते आणि एकच वाक्य परत परत म्हणत होते.

"ह्या टाइल्स माझ्या नाहीत. कोणीतरी बदलल्यात."

सोमवारची सकाळ होती. हिंजवडीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीचा हा नवा मजला, उद्घाटन दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. भिंतींना रंगाचा वास, टेबलं अजून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली, आणि पायाखाली दारापासून खिडकीपर्यंत पसरलेला पाचोळा. खरा नव्हे, कार्पेटचा. सागाची वाळकी पानं, मधूनच ओली माती, शेवाळ, खडे. हात-दीड हाताच्या चौकोनी टाइल्स जोडून केलेला, आणि कुठलीही दोन पानं सारखी नाहीत. डिझाइनचं नावच 'पाचोळा'. ते काढलं होतं टिळेकरांनी. खरं सांगते, त्या काचेच्या खोक्यात टेकडीवरची पायवाट पाहून मला बरं वाटलं.

मला बोलावलं होतं चैताली घैसासने. शनिवार पेठेतली तिची कंपनी हे कार्पेट बनवून घेते आणि बसवून देते. एकदा तिच्या गोदामाच्या आगीची पाहणी मी केली होती, तेव्हापासूनची ओळख.

"सत्यशीलाताई, इथे हजारो टाइल्स आहेत," ती म्हणाली. "त्यातल्या आठ बदलल्या हे ह्यांना कळतं. कशावरून कळलं ते ह्यांनाच माहीत नाही. दिव्यदृष्टी असेल तर तसं सांगा, मी पाटीवर लिहीन."

पण टिळेकरांचं म्हणणं खरं होतं. शेजारच्या स्टोअरमध्ये जादा टाइल्सचं खोकं फोडलेलं होतं आणि त्यातून नेमक्या आठ गेल्या होत्या. कोणीतरी जमिनीवरच्या आठ उचलल्या, त्या जागी ह्या आठ बसवल्या. नवीकोरी नेता येत असताना बसवलेली उपटायची, हा कुठल्या गावचा चोर?

चैतालीचा संशय ठरलेला होता. रविवारी फाटकातून एकच गाडी आत आली होती, कार्पेट बसवणाऱ्या रणजित पारखीचा टेम्पो. रणजित तिच्या प्रतिस्पर्ध्याचीही कामं करत असे, आणि 'पाचोळा' अजून बाजारात आला नव्हता. नमुना हातात पडला की नक्कल करायला कितीसा वेळ. संध्याकाळपर्यंत उलगडा झाला नाही तर ती पोलीस चौकीत त्याच्या नावाने तक्रार देणार होती.

२

रणजित खाली टेम्पोला टेकून उभा होता. पंचविशी उलटलेला, शेजारच्याच माण गावचा. पोलिसांत एकदा नाव गेलं की आयटी पार्कमधली एकही कंपनी त्याला आत घेणार नव्हती, हे त्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं.

"हितं माझ्या आज्याची ज्वारी व्हती," समोरच्या काचेच्या इमारतीकडे हनुवटी करून तो म्हणाला. "आता गेटवर माझंच कार्ड तपासत्यात. ते बी बंद झालं तर कुटं जायचं, सांगा."

रविवारी का आलास, असं विचारलं. पूजेचं सामान न्यायला, म्हणाला. शनिवारी नव्या मजल्यावर सत्यनारायण झाला होता, सगळ्यांना घरच्यांसकट बोलावलं होतं. सामान कोणाचं होतं? यावर तो गप्प. एकटाच होतास का? तरी गप्प.

"तुमाला काय लिवायचं ते लिवा मॅडम. म्या चोरी केली न्हाई. ह्याच्याउपर माझ्याकडं सांगण्यासारकं काय न्हाई."

खोटं बोलणारी माणसं इतकी थोडक्यात आटपत नाहीत. हा काहीतरी झाकत होता, पण स्वतःसाठी झाकत नव्हता असं मला वाटलं. निघताना मी सहज विचारलं की ती आठ टाइल्सची ओळ त्याच्या कोणत्या माणसाने बसवली होती.

"कुनीच न्हाई. दारापासनं खिडकीपतुर येक पट्टी बद्रीसरांनी सोताच्या हातानं बसवली. आमाला शिवू दिली न्हाई. गुडघं दुखत्यात त्यांचं, तरी बसून लावली."

मी परत वर गेले आणि बदललेली पहिली टाइल उचलली. खालचा गोंद कायम चिकट राहणारा असतो, त्यामुळे टाइल नखानेही सुटते. ती उलटी केली, आणि मग बाकीच्या सातही उलट्या करून बघितल्या.

३

प्रत्येक टाइलच्या पाठीवर एक बाण छापलेला असतो. साध्या कार्पेटमध्ये सगळे बाण एका दिशेला ठेवतात. 'पाचोळ्या'चा नियम उलटा होता. टाइल हातात येईल तशी फिरवून लावायची, शेजारच्या दोन बाणांचं तोंड एकीकडे येता कामा नये, कारण झाडाची पानं काही ओळीने पडत नाहीत. रणजितच्या माणसांनी तो नियम पाळला होता. आजूबाजूच्या टाइल्स मी उचलून पाहिल्या, बाण चहूकडे तोंडं करून होते.

बदललेल्या आठांचे बाण मात्र एकाच दिशेला होते. आठही दाराकडे.

आणि प्रत्येक टाइलच्या जागी खाली, बरोबर मध्यभागी, चिमूटभर अक्षता होत्या. कुंकू लावलेले तांदूळ.

चैताली म्हणाली, पूजेच्या सांडल्या असतील. वर सांडलेल्या अक्षता खाली कशा जातील, असं मी विचारलं. पूजेच्या आधीच सगळी जमीन बसवून झाली होती. अक्षता टाकल्या त्या पूजेनंतर, टाइल उचलल्यावर, आणि सांडल्या नव्हत्या तर वाहिल्या होत्या. नक्कल करायला आलेला चोर जमिनीला अक्षता वाहत नाही.

मी चैतालीला पूजेबद्दल विचारलं. तिने सगळं सांगितलं. चौरंग, समई, ताम्हन सगळं टिळेकरांच्या घरचं, त्यांच्या पत्नी विजयमालावहिनींनीच मांडलं. चपला बाहेर काढून पन्नासेक माणसं त्या पाचोळ्यावर बसली होती. "विजयमालावहिनी प्रसादाला मात्र थांबल्या नाहीत. तीर्थ वाटता वाटता दारापाशी मध्येच उभ्या राहिल्या आणि एकदम बाहेर जाऊन बसल्या. दोन वर्षांपूर्वी त्यांची मुलगी तापाने गेली हो, एकुलती एक. गर्दी सोसत नाही त्यांना."

एवढ्यात चैतालीचा फोन वाजला. ती ऐकत राहिली आणि तिचा चेहरा उतरला. त्या पट्टीचे फोटो तिच्याच कंपनीतल्या शौनकच्या मोबाइलमध्ये सापडले होते, आणि शौनक पुढच्या महिन्यात प्रतिस्पर्ध्याकडे जाणार होता.

४

शौनक टिळेकरांच्या हाताखालचा डिझायनर. मी शनिवार पेठेतल्या ऑफिसात पोचले तेव्हा तो टेबल आवरत होता आणि चांगलाच चिडलेला होता.

"मी जॉब चेंज करतोय, क्राइम नाही करत," तो म्हणाला. "आणि मला टाइल चोरून काय करायचंय? पूर्ण फाइल माझ्या लॅपटॉपवर आहे."

यात तथ्य होतं. शिवाय बाण कसेही फिरवून लावा ही सूचना त्यानेच तयार केली होती, झोपेतसुद्धा त्याने आठ बाण ओळीत लावले नसते. मग फोटो कशाला काढले?

सर कंपनीत एकच गोष्ट शिकवत, त्याने सांगितलं. निसर्गात काही परत परत येत नाही. डोळ्याला एकदा आवर्तन सापडलं की पाचोळ्याचा छापील कागद होतो. त्यासाठी सरांनी त्याची कामं फाडून फेकली होती. आणि त्याच सरांच्या पट्टीत बसवताना त्याला काहीतरी ठरावीक अंतराने येताना दिसलं. रंगात नव्हे, धाग्याच्या उंचीत. पाचोळ्यात धागा कुठे उंच, कुठे बसका ठेवलेला असतो, त्यामुळे पटकन कळत नाही. पण एक बसका भाग डावीकडे, मग एक उजवीकडे, परत डावीकडे.

"तिरपा उजेड पडला तेव्हा दिसलं. सरांना म्हटलं, सर, इथे रिपीट आहे. सर म्हणाले, असू दे. मॅडम, सर 'असू दे' म्हणाले! मला वाटलं, सही केली असेल आपली. म्हणून फोटो काढले."

फोटोंत मला फक्त पानं दिसली. मी मोबाइल परत दिला आणि जिना उतरताना तिसऱ्या पायरीवर थांबले. सकाळी टिळेकरांचे बूट हातात होते. कार्पेट मळू नये म्हणून असेल, असं मी धरून चालले होते. पण मळायची काळजी असती तर मोजे पायात ठेवले असते. मोजे त्यांनी बुटांत कोंबले होते.

ते टाइल्स डोळ्यांनी शोधत नव्हते. पायांनी शोधत होते.

५

हिंजवडीला परत येऊन मी टिळेकरांना गाडीत घेतलं आणि ड्रायव्हरला बिबवेवाडीला त्यांच्या घरी जायला सांगितलं. घरी कशाला, असं त्यांनी विचारलं नाही. हिंजवडीच्या रस्त्यावर गाडी मुंगीच्या पावलांनी चालली होती, बोलायला वेळच वेळ होता.

मला जे सुचलं ते मी त्यांना सांगत गेले. ऑफिसात माणसं बूट घालून चालतात. बुटाच्या तळव्याला धाग्याची उंची कळत नाही. म्हणजे त्या पट्टीत जे होतं, ते कधीच कोणाला कळणार नाही असा तुमचा हिशेब. पण तुम्ही एक विसरलात. आपल्याकडे नव्या जागेत संगणक लागायच्या आधी सत्यनारायण होतो, आणि सत्यनारायणाला माणसं अनवाणी येतात. पन्नास माणसं त्यावरून गेली. पन्नासांतल्या एकाच्या पायाला ते कळलं. त्या व्यक्तीला पट्टीचं मोल माहीत होतं पण बाणाचा नियम माहीत नव्हता, म्हणजे ती तुमच्या धंद्यातली नाही. तिच्या ओच्यात अक्षता होत्या. रविवारी पूजेचं सामान न्यायच्या निमित्ताने ती रणजितच्या टेम्पोतून आली, आणि रणजित तिचं नाव घ्यायला तयार नाही.

"काय होतं त्या पट्टीत, टिळेकर?"

त्यांनी खिडकीची काच खाली केली.

"ऋतुजा टेकडीवर अनवाणी चालायची," ते म्हणाले. "कितीदा ओरडलो, काटे लागतील. मी मातीचे, पानांचे फोटो काढत मागून जायचो. ओल्या चिखलात तिची पावलं उमटलेली. ते फोटो माझ्याकडे राहिले."

मग त्यांनी मला ते सांगितलं, जे चैतालीलाही माहीत नव्हतं. ऋतुजाला ह्याच सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी लागली होती. रुजू व्हायचा दिवस ठरला होता, नवे कपडे शिवून आले होते, आणि त्या आठवड्यात ताप आला. तो उतरलाच नाही. दोन वर्षांनी त्याच कंपनीच्या नव्या मजल्याचं काम त्यांच्या टेबलावर आलं. कारखान्याला पाठवायच्या नकाशात त्यांनी कोणाला न विचारता तिची पावलं घातली. दारातून आत, खिडकीपर्यंत. खिडकीजवळची जागा तिला आवडली असती, असं त्यांना वाटलं.

"रुजू व्हायची राहिली होती ना ती," ते म्हणाले.

रणजितवर आळ आला तेव्हा का बोलला नाहीत, असं मी विचारलं. माझा आवाज चढला होता, ते मान्य. त्यांनी दोन्ही हात तोंडावर घेतले. सांगितलं असतं तर तिचं नाव आलं असतं, मग मंजूर नकाशात फेरफार केल्याची चौकशी, सगळी जमीन उखडून काढा असा हुकूम. संध्याकाळच्या आत सांगायचा धीर मी गोळा करत होतो, म्हणाले. पत्नीला यातलं काहीही माहीत नसल्याची त्यांची खात्री होती. मुलीचं नाव त्या घरात दोघांनीही दोन वर्षं उच्चारलं नव्हतं.

तिसऱ्या मजल्यावर त्यांनी बेल वाजवली. दार उघडलं, आणि विजयमालाबाईंनी आम्हा दोघांना पाहून पहिलं वाक्य उच्चारलं.

"मधून येऊ नका. कडेनं या."

६

उंबऱ्यापासून आतल्या खोलीच्या बंद दारापर्यंत आठ टाइल्स ओळीने मांडलेल्या होत्या. प्रत्येकीवर हळदीकुंकवाचं बोट. गौरी घरात येतात तेव्हा त्यांची पावलं काढतात आणि त्यांवर कोणी पाय देत नाही, तशा. खिडकीतून तिरपं ऊन येत होतं. त्या उन्हात शौनकने पाहिलं ते मला दिसलं. डावं, उजवं, डावं. बारीक, पोरसवदा पाऊल, दुसरं बोट अंगठ्याहून लांब.

टिळेकर भिंतीला टेकून खाली बसले.

"तीर्थ वाटत होते," विजयमालाबाई मला सांगू लागल्या, टिळेकरांकडे न बघता. "पायाखाली काय तरी लागलं. पाय बरोबर त्यात बसला. लहानपणी ती माझ्या पावलावर पाऊल ठेवून चालायची, तसा. बाई, बावीस वर्षं ते पाय धुतले, तेल लावलं. मला कळणार नाही?"

रविवारी त्यांनी रणजितला सामान आणायला चल म्हटलं. तो समई-ताम्हन घेऊन खाली गेला, तेवढ्यात त्यांनी पायाने चाचपून एकेक टाइल उचलली आणि चौरंगाच्या कापडात बांधली. रिकाम्या जागा तशाच सोडवेनात, म्हणून तिथे अक्षता वाहिल्या आणि खोक्यातल्या लावल्या. मागे बाण दिसला. नियम त्यांना काय ठाऊक? त्यांनी आठही बाण दाराकडे केले.

"ती त्या वाटेनं परत आली, म्हणून," त्या म्हणाल्या. "आज सकाळी हे बाहेर पडले, मग बोचकं सोडून इथं मांडली."

मग त्या पहिल्यांदा नवऱ्याकडे वळल्या.

"अहो, उद्यापासून तिथं हजार माणसं बूट घालून हिंडणार. तिच्या पावलांवरून. तुम्ही केलंत तरी कसं?"

"ती तिथं जायची होती, माला. मी तिला पोचवली."

"तुम्ही तिला रोज कामाला पाठवणार होता," विजयमालाबाई म्हणाल्या. "मला ती संध्याकाळी घरी यायला हवी होती."

त्यानंतर दोघांनी काय केलं ते मी लिहिणार नाही. खरं तर मला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

चैतालीला फोन टिळेकरांनी स्वतः केला आणि सगळं सांगितलं. मग ती म्हणाली की चौकीत जायचं रद्द, आठ टाइल्स हिशेबातून खराब म्हणून काढते, आणि रणजितची माफी ती त्याच्या घरी जाऊन मागेल. ती गेलीही. पेठेतली माणसं माफी मागायला माणला जातात, हे मला आधी माहीत नव्हतं.

रणजितला मी विचारलं, एवढं सगळं अंगावर येत असताना गप्प का राहिलास?

"टेम्पोत मावशीनं चौरंगाचं बोचकं मांडीवर घेतलं व्हतं," तो म्हणाला. "मागं ठिवा म्हनलं, जागा हाय. तर न्हाई म्हनल्या. थोपटत व्हत्या वो त्याला. मला काय उमगलं न्हाई, पर चोर कुनी असं थोपटतंय व्हय? अशा मान्साचं नाव कसं घ्यायचं."

एक गोष्ट राहिली होती. निघताना विजयमालाबाईंनी मला जिन्यात गाठून सांगितली. खिडकीपाशी एक टाइल त्यांनी उचलली नव्हती. तिच्यात दोन्ही पावलं जुळवून होती, पोचून थांबलेली. "ती तिथंच असू दे. यांनी एवढ्या मायेनं तिला नेली, तर एवढं राहू दे यांचं. फक्त कुणाचा पाय नको पडायला."

मंगळवारी सकाळी मी त्या मजल्यावर चपला काढून चालले. खिडकीजवळ माझ्या पायाला ती सापडली. मी रणजितला हाक मारली आणि त्याने एक भली मोठी कुंडी आणून त्या टाइलवर अलगद ठेवली, बुडाला वीट न लावता, चार पायांच्या स्टँडवर, म्हणजे खाली पावलं मोकळी राहिली. कंपनीच्या एका साहेबाने येऊन विचारलं की ही कुंडी वाटेत कशाला.

"ते डिझाइन आहे," चैताली म्हणाली, आणि पुढे विचारायची त्याची छाती झाली नाही.

संध्याकाळी उद्घाटन झालं. भाषणं झाली, पाचोळ्याचं कौतुक झालं, डिझायनर कुठे आहेत म्हणून शोधाशोध झाली. टिळेकर आले नव्हते. चैतालीने फोन लावला, तेव्हा त्यांनी सांगितलं की ते घरीच आहेत, वाट पाहू नका. दिवेलागणीच्या वेळी यापुढे दोघांनीही घरी असायचं ठरलं आहे.